लिहून ठेव, भाऊ

सुरतेत लिंबायतला जा, डिंडोलीला जा, गोडादऱ्याला जा. दुकानाची पाटी गुजरातीत, बोलणं अहिराणीत आणि व्यवहार उधारीत. आत कळण्याचं पीठ, काळा मसाला, नागलीचे पापड, वर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा. डिंडोली, गोडादरा ही एके काळची खेडी. महापालिकेने ती शहरात ओढली. किराणा दुकान मात्र अजून खेड्यातलंच आहे.

म्हणजे रोख कमी, ओळख जास्त.

गिऱ्हाईक कोण? जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेला लूमवरचा कारागीर. घरी बसून साड्यांचे धागे कापणारी, टिकल्या चिकटवणारी बाई. त्याचा पैसा पगाराला, तिचा नगावर. चूल मात्र रोज पेटवायची. मधले दिवस कोण निभावून नेतं? कारखानदार? बँक?

‘भाऊ, लिखी ठेव, पगारले देसू.’

भाऊ लिहून ठेवतो. व्याज नाही, तारण नाही, सही नाही. वहीत धड नावंही नसतात. ‘तिसऱ्या गल्लीतली धागेवाली.’ ‘रातपाळीवाला, वरची खोली.’ ‘मावशीचा भाचा.’ एवढ्या ओळखीवर कोणती बँक शंभर रुपये तरी देईल? हा महिन्याचं रेशन देतो. आणि माल पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस वसुलीला ठरल्या वारी दारात उभा राहतो. त्याला पगाराची तारीख सांगून चालत नाही.

सप्टेंबर १९९४. प्लेग आला, लाखो माणसं सुरत सोडून पळाली. ऑगस्ट २००६. उकाई धरणाचं पाणी सुटलं, तापी शहरात शिरली. मार्च २०२०. टाळेबंदी. तिन्ही वेळा कामगारांचे हाल छापून आले, कारखानदारांचं नुकसान छापून आलं. ते छापायलाच हवं होतं. पण खोलीला कुलूप लावून निघालेल्या माणसाचं खातं किराणावाल्याकडे उघडंच राहतं. परतला तर हळूहळू फेडतो. परतलाच नाही तर?

ते पान कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

२०२५ मध्ये गुजरात सरकारने मंदीत काम गेलेल्या हिरे कारागिरांच्या मुलांच्या शाळेच्या फीला हातभार लावायचं ठरवलं. चांगलं केलं. पण काम गेल्यावर त्या घरांत डाळ-तांदूळ कोण पुरवत होतं, हे कोणी विचारलं का? फेरीवाल्यांसाठी २०२० पासून स्वनिधी योजना आहे, विनातारण कर्ज, पहिला हप्ता आधी १० हजारांचा, २०२५ पासून १५ हजारांचा. तीही हवीच. मात्र भाड्याच्या खोलीत दुकान मांडलं की माणूस फेरीवाला राहत नाही, मग योजनाही राहत नाही. मुद्रा कर्ज घ्यावं, तर बँक उलाढालीचा पुरावा मागते.

उलाढाल आहे वहीत. वही बँकेत चालत नाही.

नियमांचंही तेच. सुटं खाद्यतेल विकायला बंदी आहे, राज्याने खास सूट दिली तरच मुभा. भेसळ थांबावी म्हणून केलेला नियम, त्याबद्दल तक्रार नाही. पण रोज वीस रुपयांचं तेल नेणाऱ्या बाईने अख्खी पिशवी कशातून घ्यायची? तिला परत पाठवलं तर माणुसकी जाते, तेल मोजून दिलं तर दंडाची भीती. हा पेच काउंटरवर एकट्याने सोडवायचा.

२२ सप्टेंबर २०२५ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक दारात: ‘टीव्हीवर स्वस्त झालं ना?’ झालं. पण फळीवरचा माल जुन्या दराने कर मोजून भरलेला. ४० लाखांच्या आतली उलाढाल, जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे भरलेल्या कराची वजावटही नाही. तो फरक कोणाच्या खिशातून गेला?

एजन्सीने भरपाई दिली तर दिली. नाही तर खिसा याचाच.

आणि पावसाळा. मिठी खाडी भरली की लिंबायतच्या गल्ल्यांत पाणी येतं. जून २०२५ मध्येही सुरतेत खाड्यांनी तेच केलं. किराणावाला ढग बघून साखरेची पोती विटांवर चढवतो, त्यावर फळ्या, त्यावर पीठ. मीठ सगळ्यांत खाली, कारण ते सगळ्यांत स्वस्त. दरवर्षी खाडी साफ केल्याचं सांगतात. मग विटांचा थर दरवर्षी का वाढवावा लागतो?

आता दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप्स. त्यांच्याशी भाव लावून झुंजणं या दुकानाच्या आवाक्यातलं नाही. पण धागेवालीच्या पोराला रात्री साडेदहाला ताप चढला, तर शटर वाजवून ‘पैसे उद्या’ म्हणत बिस्किटपुडा कुठे मिळतो?

सरकारकडे मागणं मोठं नाही. फेरीवाल्याला जे विनातारण कर्ज, ते या दहा बाय दहाच्या दुकानालाही द्या. खाडीचं पाणी शिरलं की घराबरोबर दुकानातल्या मालाचाही पंचनामा करा.

आणि आपल्याच माणसांकडे एक मागणं आहे. मोबाइलचा हप्ता चुकला तर फोन येतो, म्हणून तो आधी जातो. किराणावाला फोन करत नाही, म्हणून तो शेवटी. अखाजीच्या सणाला गावी निघताना, भुसावळ गाडीचं तिकीट काढायच्या आधी, दुकानात जा. खातं मिटवा. सगळं जमत नसेल तर निम्मं द्या, आणि उरलेलं कधी देणार ती तारीख स्वतःच्या हाताने वहीत लिहा.