जांभळ्या गोळीची चव

सोमवार, १२ मार्च १९५१. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर त्या एकाच दिवशी एकेक व्रात्य पोरगा जन्माला आला आणि दोघांचंही नाव निघालं ‘डेनिस द मेनेस’. अमेरिकेतला हँक केचमने काढलेला, सोळा वर्तमानपत्रांतून एकदम उगवलेला. ब्रिटनमधला डेव्हिड लॉने रेखाटलेला, स्कॉटलंडच्या डंडी शहरातून निघणाऱ्या ‘द बीनो’ या साप्ताहिकातला. (अंकावर तारीख १७ मार्चची होती, पण तो दुकानांत आला बारालाच.) कुणी कुणाची नक्कल केली म्हणावं, तर नक्कल करायला वेळच मिळालेला नाही. ज्या विधात्याने हा योग जुळवून आणला, त्याच्याकडे त्या सोमवारी दुसरं फारसं काम नसावं.

नाव एक, पण स्वभावात समुद्राएवढं अंतर. अमेरिकन डेनिस पाचेक वर्षांचा, सोनेरी केसांचा, मनाने अगदी निर्मळ. शेजारच्या मिस्टर विल्सनना मदत करायला म्हणून तो मनोभावे जातो आणि त्यांच्या फुलझाडांचा निकाल लावून परततो. शिक्षा म्हणून त्याला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवतात, तेही त्याच्या इवल्याशा झुलत्या खुर्चीत. ब्रिटिश डेनिसच्या ठायी निर्मळ हेतूचा मागमूस नाही. केस साळिंदरासारखे उभे, अंगात लाल-काळ्या पट्ट्यांचा स्वेटर, १९६८पासून सोबतीला नॅशर नावाचा तितकाच अवली कुत्रा, आणि जुन्या गोष्टींच्या शेवटच्या चौकटीत बहुधा वडिलांच्या हातातली सपाता. एका देशाने खोड्यांवर झुलती खुर्ची शोधली, दुसऱ्याने सपाता. अर्थात, हा दुसरा डेनिस जन्मला तेव्हा ब्रिटनमध्ये लेमनच्या गोळ्यासुद्धा रेशनवर होत्या. ते रेशनिंग उठलं थेट ५ फेब्रुवारी १९५३ला. मापून गोळ्या मिळणाऱ्या मुलांचा द्वाडपणा जरा धारदार असणारच, असं मला उगाचच वाटत राहतं.

त्या काळात ब्रिटनच्या वडीलधाऱ्यांना मात्र स्वतःच्या डेनिसची नव्हे, अमेरिकेच्या चित्रकथांची धास्ती होती. सप्टेंबर १९५४मध्ये ग्लासगोच्या गॉर्बल्स भागातली शेकडो मुलं संध्याकाळची एका जुन्या दफनभूमीत शिरली. कुणाच्या हातात टोकदार काठी, कुणी बरोबर कुत्रा घेतलेला. शोध चालला होता सात फुटी, लोखंडी दातांच्या एका पिशाच्चाचा. पलीकडच्या लोखंडाच्या भट्ट्यांचा लाल उजेड थडग्यांवर पडत होता, म्हणजे नेपथ्याची सोय कारखान्याने परस्पर केलेली. पोलिसांनी हाकललं, मुख्याध्यापकांनी दटावलं, पण पोरं दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. हे सगळं अमेरिकन भयकथांचं पाप, असा निवाडा होऊन १९५५मध्ये पार्लमेंटने अशा चित्रकथांविरुद्ध चक्क कायदा केला. पुढे अभ्यासकांनी त्या लोखंडी दातांचं मूळ धुंडाळलं. तर तसा राक्षस बायबलातही सापडला, दानिएलाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात. त्या पुस्तकावर बंदी घालण्याची सूचना कुणी केली नाही.

आणि ज्या अमेरिकेची इतकी भीती, तिचं चित्र डंडीतले कलावंत किती मायेने काढत होते! ‘द डँडी’ या दुसऱ्या साप्ताहिकात १९३७पासून डेस्परेट डॅन नावाचा एक गुराखी नांदत असे. दाढी ब्लोटॉर्चने करणारा, शिंगांसकट अख्खी गाय भरलेला ‘पाय’ (pie) खाणारा हा गडी राहतो कॅक्टसव्हिल नावाच्या गावात. नाव, टोपी, पिस्तूल, सगळं अस्सल वाइल्ड वेस्टचं. पण त्याच्या रस्त्याकडे नीट पाहावं, तर कोपऱ्यावर ब्रिटिश दिव्याचा खांब आणि लाल टपालपेटी. चित्रकार डडली वॉटकिन्सने मन लावून अमेरिका काढायला घेतली आणि कुंचल्याखालून स्वतःचीच गल्ली उतरली. जगाच्या पाठीवर कुठे एखादं गाव माझ्या आवडीचं असेल, तर ते हे कॅक्टसव्हिल. तिथे जाता येत नाही, एवढीच त्याची उणीव. डॅनचा ब्राँझचा पुतळा मात्र डंडीच्या भर रस्त्यात उभा आहे, आणि मला वाटतं तो योग्य गावीच आहे.

आम्ही मराठी मुलं ब्रिटन-अमेरिकेच्या या भांडणात दोन्ही घरची पाहुणी होतो. वाढदिवसाला मिळणारी कॅडबरी बर्मिंगहॅमच्या वंशाची, आणि उन्हाळ्याच्या सुटीत पाळी लावून वाचायचा तो वेताळ अमेरिकेच्या ली फॉकचा. १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली आणि १९३६पासून इंग्रजीत भटकणारा हा मुखवटेवाला मराठी घरांत मराठी बोलू लागला. त्याच्या इंग्रजी नावाच्या, टोकाला लाल रंग लावलेल्या साखरेच्या सिगारेटी मिळत. ती ‘फँटम’ ओठांत धरून, नाकातून नसलेला धूर सोडत वेताळ वाचणाऱ्या मुलाला कुठला देश जीभ घडवतोय आणि कुठला डोळे, याची फिकीर नसे. फिकीर एवढीच, की सिगारेट आधी संपते की गोष्ट.

कुठल्या देशाने जीभ घडवली, याची फिकीर बाळगणारं एक जोडपं मला पुढे भेटलं ते यॉर्कमध्ये. नवरा तिथलाच, बायको पेनसिल्व्हेनियाची. म्हणजे दोघंही चॉकलेटच्या मुलखातली: यॉर्क हे राऊंट्रीचं गाव, आणि पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात तर रस्त्यावरचे दिवेसुद्धा चॉकलेटच्या आकाराचे. बांधावरून भांडणाऱ्या चुलतभावांसारखं त्यांचं चाले. निम्मं पीक एकमेकांच्या आठवणीतलंच. किटकॅट १९३५ साली यॉर्कमध्ये जन्मली, म्हणून ती त्याची. अमेरिकेत ती हर्शी बनवते, म्हणून तिची. स्मार्टीज म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे रंगीत कवचाची चॉकलेटी बटणं येत, तिच्यापुढे सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या आंबटगोड चकत्या. गंमत म्हणजे त्या चकत्या अमेरिकेत सुरू करणारा गृहस्थ १९४९मध्ये इंग्लंडहूनच तिकडे गेलेला. मार्स आणि मिल्की वे यांची अदलाबदल तर कागदावर आकृती काढूनही मला कळली नाही, ती मी सोडून दिली.

हर्शीच्या वडीवर तो फारच निर्दय होई. त्याच्या मते तिला ओकारीचा वास येतो. यात रसायनशास्त्र थोडंसं त्याच्या बाजूचं आहे. त्या चॉकलेटात ब्युटिरिक आम्लाचा अंश असतो. पण तेच आम्ल पार्मेजान चीजमध्येही असतं आणि ते हा गृहस्थ शेवयांवर बर्फासारखं किसून घेतो, हे ती शांतपणे दाखवून देई. मग ती जेली बेबीजकडे वळे. पहिलं महायुद्ध संपल्याच्या आनंदात शेफिल्डच्या बॅसेट कंपनीने १९१८ साली ही बाळं ‘पीस बेबीज’ म्हणून बाजारात आणली, आणि तेव्हापासून हा सुसंस्कृत देश शांततेच्या बाळांची मुंडकी आधी खातो. त्यावर तो अमेरिकेची सर्कस पीनट्स काढी: आकार शेंगेचा, रंग नारिंगी, चव केळ्याची. ‘या गोळीला स्वतःबद्दल काहीच ठरवता आलेलं नाही,’ असं तो म्हणे, आणि ती हसून त्याच्याच ताटलीतली उचले.

एकदाच दोघं गंभीर झालेली मी पाहिली, ती जांभळ्या गोळीवरून. तिच्या लेखी जांभळा म्हणजे द्राक्ष, आणि तेही काँकॉर्ड जातीचं, गडद, कस्तुरीसारखा दर्प असलेलं. त्याच्या लेखी जांभळा म्हणजे ब्लॅककरंट. महायुद्धात संत्री येईनाशी झाली, तेव्हा ब्रिटनने आपल्या मुलांना क जीवनसत्त्वासाठी ब्लॅककरंटचं सरबत पाजलं आणि ती चव पिढीच्या रक्तात उतरली. अमेरिकेत मात्र ते झुडूप पाइनच्या झाडांना रोग लावतं म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बंदीत पडलं. देशभरची बंदी उठली १९६६मध्ये, तोवर ती चवच लोकांच्या ध्यानातून गेली होती. एका झाडाच्या खोकल्यापायी आख्ख्या देशाच्या गोळ्यांनी चव बदलली. तो तिला म्हणाला, ‘तुला माझं लहानपण कधी चाखताच येणार नाही,’ आणि हे वाक्य थट्टेत सुरू होऊन मध्येच कुठेतरी थट्टेतून उतरून गेलं. तिने काही न बोलता त्याच्या हातातली गोळी काढून तोंडात टाकली आणि फार वेळ चघळत बसली. मी गप्प. माझ्या लेखी जांभळी जीभ होते ती पावसाच्या तोंडावर, रस्त्यात पडलेली जांभळं धुऊन न घेता खाल्ल्याने, आणि ती चव गोळीत पकडायची कुणाची छाती नाही.

वातावरण हलकं करावं म्हणून मी बॅगेतून रावळगावची पान पसंद काढली. या दोन महासत्तांना मालेगाव तालुक्याची ओळख व्हावी, एवढीच इच्छा. दोघांनी एकेक गोळी घेतली. तो सभ्यतेने म्हणाला, ‘इंटरेस्टिंग.’ इंग्रज माणूस घराला आग लागली तरी याच सुरात हे म्हणतो. ती म्हणाली, ‘साबण?’ तो म्हणाला, ‘अत्तराचा साबण.’ आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच एकमत झाल्याच्या आनंदात त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हळूच रॅपर शोधले आणि गोळ्या त्यात परत गुंडाळल्या. गुलकंद, बडीशेप, लग्नाच्या पंगतीनंतर मोठ्यांच्या नजरेआड चोरलेला विडा, असं बरंच काही मी त्यांना तावातावाने सांगू लागलो. दोघं हसत ऐकत होती, शेजारच्या देशातून आलेल्या वेड्याचं ऐकावं तसं. मग मी बोलणं थांबवलं आणि उरलेल्या गोळ्या खिशात टाकल्या. पान पसंद कुणालाही वाटत सुटायची नसते.