जाड फायलीचं वेड

एकटीने मूल वाढवणारी बाई सांगलीहून परदेशी निघाली, की नातेवाइकांच्या डोळ्यांत तिची फाईल खुपते. मुलाचा जन्मदाखला, कोर्टाच्या हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल, मराठी निकालपत्राचं इंग्रजी भाषांतर, वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, शाळेचं बोनाफाईड, परतीची तिकिटं, आणि या सगळ्याची झेरॉक्स दुसऱ्या बॅगेत. "आठ दिवस सिंगापूरला चाललीस की मंत्रालयात?" असं भावजयीपासून शेजारणीपर्यंत सगळे विचारतात. याला ते वेडेपणा म्हणतात. म्हणोत. हा वेडेपणा सातारा-सांगलीच्या प्रत्येक घरात पसरावा, असं मला मनापासून वाटतं.

शहाण्यांचा युक्तिवाद सोपा असतो. पासपोर्ट मिळाला, व्हिसा मिळाला, आता कोण काय विचारणार? यातलं अर्धं खरं आहे. अविवाहित आईला मुलाच्या वडिलांना नोटीस न देता त्याचं पालकत्व मिळू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2015 मध्ये दिला. डिसेंबर 2016 मध्ये पासपोर्टचे नियम सैल झाले. अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव पुरू लागलं, आणि दुसऱ्या पालकाची संमती का नाही हे ॲनेक्शर सीमध्ये साध्या कागदावर लिहून देता येऊ लागलं. त्यासाठी नोटरी किंवा मॅजिस्ट्रेटच्या शिक्क्यामागे धावायची गरज उरली नाही. या सुधारणेचं श्रेय द्यायलाच हवं.

पण पासपोर्ट फक्त मूल कोण आहे ते सांगतो. त्याला देशाबाहेर नेण्याला दुसऱ्या पालकाची हरकत नाही, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. आणि परक्या विमानतळावर खिडकीमागे बसलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. आई किंवा वडील स्वतःच मूल परदेशी पळवून नेतात, अशी प्रकरणं जगभर घडतात. असं मूल परत आणता यावं म्हणून 1980 मध्ये हेगचा करार झाला. शंभराहून अधिक देश त्यात आहेत, भारत नाही. भारतात नेलेलं मूल त्या कराराच्या वाटेने परत मागता येत नाही, त्यामुळे एखादा अधिकारी आपल्याकडच्या पालकाला जरा जास्त विचारू शकतो. दक्षिण आफ्रिकेने 1 जून 2015 पासून मुलाचा सविस्तर जन्मदाखला आणि दुसऱ्या पालकाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं होतं. पुढे ते सैल केलं. कॅनडा संमतीपत्र जवळ ठेवा असं सांगतो. शेंगेन व्हिसाच्या अर्जात दोन्ही पालकांची संमती मागतात. पालकत्वाचा अधिकार एकट्याकडेच असेल तर त्याचा पुरावा. हा प्रश्न आईचा अपमान करण्यासाठी विचारलेला नसतो. तो मुलासाठी असतो, आणि कुठल्याही आईला तो आपल्या मुलाबद्दल विचारला जावा असंच वाटेल.

खरी गाठ असते नावांची. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालणं बंधनकारक झालं. त्याआधीच्या मुलांच्या नावात मधे वडीलच. आईचं एक नाव माहेरचं, एक सासरचं, आणि घटस्फोटानंतर पुन्हा पहिलं. मिरजेच्या जन्मदाखल्यावर "सुनिता", कोर्टाच्या हुकुमात "सुनीता", इंग्रजीत एकीकडे आय, दुसरीकडे दोन ई. साताऱ्यात तर 2011 साली जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने 285 मुलींनी "नकुसा" हे नाव टाकून स्वतःसाठी नवं नाव घेतलं. त्यांतल्या काही आता आया झाल्या असतील. नको असलेली म्हणून दिलेलं नाव एका कागदावर आणि स्वतः निवडलेलं नाव दुसऱ्यावर, मधे दुवा म्हणून गॅझेटची प्रत. अशा बाईने ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत जपून विमानात नेली, तर तिला वेडी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

विधवांच्या बाबतीत लोक आणखी एक शहाणपण शिकवतात. "सुट्टीला चाललीस, मृत्यूचा दाखला कशाला बरोबर? अशुभ ते." साताऱ्याच्या अपशिंग्यात घराघरांतून माणसं सैन्यात गेली, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान परत आले नाहीत. अशा मुलखात मृत्यूच्या दाखल्याला घाबरून चालेल? तो दाखला असेल तर मुलाच्या वडिलांबद्दलचा प्रश्न एका कागदात मिटतो. नसेल तर मुलाच्या देखत, मोडक्या इंग्रजीत, "ही इज नो मोअर" असं परक्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. कुठलं अशुभ मोठं ते ज्याचं त्याने ठरवावं.

तेव्हा वेड असावं, आणि ते वेळेवर सुचावं. घटस्फोटाच्या अर्जात मुलाचा ताबा कोणाकडे हे लिहिताना परदेश प्रवासाबद्दलचं एक वाक्य वकिलाकडून घालून घ्या. पुष्कळ हुकुमांत ते नसतं आणि नंतर पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते. ज्या देशात जायचं त्याच्या दूतावासाचे नियम तिकिटाआधी वाचा. मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. संमतीपत्रात तारखा, देश आणि सही करणाऱ्याचा फोन नंबर असू द्या. आणि तुम्ही दुसरीकडे राहणारे वडील असाल, मुलाच्या आईने सहीसाठी कागद पाठवला असेल, तर जुनं भांडण बाजूला ठेवून याच आठवड्यात नोटरीकडे जा.