चिमटे परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका बाई,
आमच्या मुलीची शाळा
(नाव मुद्दाम टाकलेलं नाही. हे पत्र कुठल्याही शाळेच्या फाटकाला चिकटवता यावं, एवढाच हेतू.)

विषय : कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे, १२ नग, परत मिळण्याबाबत.

महोदया,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये आपण पाठवलेली 'इयत्ता पाचवी : वर्गातील अपेक्षा व धोरणे' ही चार पानी पुस्तिका मिळाली. शेवटच्या पानावर वडील, आई आणि विद्यार्थी अशा तीन सह्या हव्या होत्या, त्या केल्या. घराचं कर्ज घेताना बँकेने आमच्या सह्या घेऊन घेऊन बोटं दुखवली होती, पण मुलीची सही त्यांनाही सुचली नव्हती. तिची ही आयुष्यातली पहिली सही. दोनदा कच्च्या कागदावर गिरवून मग तिने ती पक्की केली.

एकूण चौतीस अपेक्षा आहेत. त्या मुळात इंग्रजीत असाव्यात आणि मराठीत येताना त्यांचा प्रवास फारसा सुखाचा झाला नसावा, असं वाचताना वाटलं. उदाहरणार्थ पाचवी : 'वर्गात असताना आतला आवाज वापरावा.' बाई, आतला आवाज हे प्रकरण आपल्या देशात जपून हाताळायचं असतं. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी काँग्रेसवाल्यांना असाच आतला आवाज वापरायला सांगितला आणि पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले, व्ही. व्ही. गिरी निवडून आले, पुढे पक्षच फुटला. आमच्या मुलीने यावर एक संध्याकाळभर विचार केला. मग विचारलं, "बाबा, आतला म्हणजे पोटातला का? तो तर चौथ्या तासाला सगळ्यांचाच येतो."

पहिल्या अपेक्षेबद्दल थोडी अडचण आहे. 'विद्यार्थी प्रसन्न व शिकण्यास उत्सुक मुद्रेने वर्गात प्रवेश करतील.' शाळा सात दहाची, रिक्षा साडेसहाची. साडेसहाला रिक्षात बसलेली सात मुलं मी रोज पाहतो. त्यांच्या मुद्रांचं वर्णन करायचं तर उत्सुक हा शब्द शेवटी सुचेल. लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. आपण ते पाळलंत, त्याबद्दल आभार. चौथीत आमची मुलगी नऊ वीसला यायची. म्हणजे एप्रिलपर्यंत तिला झोपेची गरज होती आणि मेच्या सुट्टीत ती गरज संपली. आम्हा घरच्यांच्या हे लक्षात आलं नाही. ती अजूनही साडेपाचला उठवताना उशी घट्ट धरते.

दप्तराची अपेक्षा नववी. 'वेळापत्रक बदलू शकत असल्याने सर्व विषयांचे साहित्य सोबत असावे.' प्रवासाच्या बॅगा तोलायचा आमचा एक काटा आहे, त्याला दप्तर लटकवलं : पाच किलो तीनशे ग्रॅम, पाण्याची बाटली सोडून. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी एक किलो सातशे ते अडीच किलो असं लिहिलं आहे. मध्यंतरी आपल्या राज्याने वह्यांचं ओझं कमी करायला पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली होती. आमच्याकडे कोरी पानंही आली आणि वह्याही राहिल्या. २०२५ च्या जानेवारीत ती योजना रद्द झाली, तेव्हा पानं गेली. वह्या तेवढ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत निष्ठेने राहिल्या.

असो. मूळ विषय चिमट्यांचा.

साहित्याच्या यादीत ग्लेझ पेपर आणि डिंकाची बाटली यांच्या मध्ये 'लाकडी चिमटे, १ डझन (प्लॅस्टिकचे चालणार नाहीत)' असं होतं. आम्हाला वाटलं, हस्तकलेला असतील. आमच्याकडचे दोरीवरचेच बारा चांगले निवडून दिले. नंतर कळलं की फळ्याच्या डाव्या अंगाला आपण कार्डशीटची एक लांब पट्टी लावली आहे. वर जांभळा, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, तळाशी लाल. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक चिमटा. सकाळी सगळे हिरव्यावर. नियम मोडला की चिमटा एक घर खाली, आणि तो मुलाने स्वतः उठून, सगळ्यांच्या देखत, खाली लावायचा. लालवर गेला की घरी चिठ्ठी.

बाई, तुमच्या कल्पकतेला मी मनापासून दाद देतो. आमच्या वेळी चिमटा दंडाला काढत. दोन दिवस निळा डाग राहायचा आणि तो आईपासून लपवायला बाही ओढत बसावं लागायचं. मला त्या दिवसांची मुळीच आठवण येत नाही. छडीची आठवण काढून उसासे टाकणारे लोक भेटतात, त्यांना छडी फार मिळाली नसावी एवढंच म्हणतो. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या सतराव्या कलमाने दंडावरचा चिमटा बंद झाला, तर आपण दोरीवरचा आणवलात. त्या कलमात शारीरिक शिक्षेच्या शेजारीच मानसिक त्रासालाही मनाई आहे. पण ती वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे, आणि कामाच्या गडबडीत दुसऱ्या अर्ध्यापर्यंत पोचणं प्रत्येकाला जमतंच असं नाही. शिवाय दंडावरचा चिमटा दोन सेकंदांत संपायचा. हा सकाळी आठला खाली येतो आणि शाळा सुटेपर्यंत तिथेच असतो. मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीतली मुलंही डोकावून बघून जातात.

आमच्या मुलीचा चिमटा एका मंगळवारी लालवर गेला, त्याची हकिकत सांगतो. आधीच्या तासांना दोनदा खाली आला होता, बोलल्याबद्दल. ते खरंच आहे, ती बोलते, आईवर गेली आहे. तिसऱ्या तासाला, गणिताला, शेजारच्या मुलीकडे खोडरबर नव्हतं. आमच्या मुलीने आपलं अर्धं तोडून दिलं. आता अकरावी अपेक्षा म्हणते, 'आपल्या वस्तू इतरांसोबत आनंदाने वाटून घ्याव्यात.' तेविसावी म्हणते, 'तास सुरू असताना वस्तूंची देवाणघेवाण करू नये.' अकरा आणि तेवीस यांच्यामध्ये बारा अपेक्षांचं अंतर असल्याने मुलीचा गोंधळ झाला असावा.

लालवर गेलेल्यांना आपण 'चिंतनपत्रिका' भरायला देता. तिची प्रत माझ्यासमोर आहे. पहिला प्रश्न : मी काय केले? उत्तर : 'मी रबर दिले.' दुसरा प्रश्न : मी वेगळे काय करू शकले असते? उत्तर : 'मी रबर दिले नसते तर तिने थूंकीने खोडले असते. थूंकीने खोडले की वहीला भोक पडते. मग तिला पण लाल मिळाले असते.' यावर वर्गशिक्षिका बाईंनी लाल शाईने दोन्ही ठिकाणचा दीर्घ ऊकार ऱ्हस्व केला आहे. बाकी उत्तर मान्य झालं असं आम्ही समजतो.

आता चौदावी. 'पाणी पिणे व स्वच्छतागृह यांसाठी मधल्या सुट्टीचाच उपयोग करावा.' या अपेक्षेचा मान मी स्वतः राखलेला आहे. गेल्या महिन्यातल्या पालकसभेत मी मुलीच्या बाकावर, गुडघे हनुवटीपाशी घेऊन, दीड तास बसलो होतो. (तिथे दुसरी अपेक्षा, 'एक जण बोलत असताना इतरांनी शांतपणे ऐकावे', आम्हा पालकांनी कशी पाळली ते आपण पाहिलंतच. पट्टी लावली असती तर सगळ्यांचे चिमटे लालवर जाऊन जमिनीवर पडले असते.) शेवटी मला राहवेना. आणि त्या बाकाचा गुण म्हणा, चाळीस वर्षांपूर्वीची सवय म्हणा, माझी करंगळी आपोआप वर गेली. आपण माझ्याकडे बघून म्हणालात, "दोनच मिनिटं, संपतच आलंय." त्यानंतर आपण वार्षिक स्नेहसंमेलनाच्या वर्गणीवर पंचवीस मिनिटं बोललात. त्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. वर्गणी किती, तेही कृपया पुन्हा कळवावं.

त्या दिवशी माझ्या पत्नीने मुलींच्या बाजूला जाऊन मोजणी केली. त्या मजल्यावर मुली सुमारे तीनशे. स्वच्छतागृहं चार, त्यातल्या एकाला कुलूप. उरली तीन. मधली सुट्टी वीस मिनिटांची, म्हणजे बाराशे सेकंद. प्रत्येकीच्या वाट्याला बारा सेकंद येतात, त्यातच कडी लावणं, जी एका दाराला नाही. डबा खायचा असेल तर तो रांगेत उभं राहून खावा लागेल. मुलींनी यावर आपापसांत उपाय काढला आहे : पाणी प्यायचं नाही. सकाळी भरून दिलेली बाटली दुपारी भरलेलीच परत येते. केरळातल्या शाळांनी २०१९ साली मुलांनी पाणी प्यावं म्हणून वेगळी घंटा सुरू केली. तशी आपणही कराल तर स्वागत आहे. फक्त त्या घंटेनंतर तासाभराने आणखी एक घंटा लागेल, तिचं नाव काय ठेवायचं ते आधी ठरवून ठेवावं.

वर्गशिक्षिका बाईंवर माझा राग नाही, हे इथेच सांगतो. त्यांच्या वर्गात बावन्न मुलं आहेत. कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, आणि शाळा मोठी असली तरी चाळिसाच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात बावन्न वह्या, बावन्न शंका, बावन्न करंगळ्या. त्यातला एक तास बदलीचा म्हणून दुसऱ्या वर्गावर. मी असतो तर पट्टी लावत बसलो नसतो, राजीनामा लावला असता. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर चौथीच्या वर्गावर पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने शांततेचा खेळ घेतो आणि मुलं असा काही गोंगाट करतात की त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. मग तो गोष्ट सांगायला लागतो आणि मुलं गप्प होतात. पण गोष्ट सांगायची तर 'भाग पूर्ण करणे' नावाची जी अपेक्षा आपण बाईंकडून करता, तिचं काय? त्यांचाही एखादा चिमटा आपल्या केबिनमध्ये कुठे तरी लावलेला असणारच.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मग तसं लिहा ना. आपल्या पुस्तिकेत 'स्वयंशिस्त', 'आत्मनियंत्रण', 'जबाबदार नागरिकत्व' असे शब्द जागोजागी आहेत. दहा वर्षांच्या मुलीने लघवी दाबून धरली तर ते आत्मनियंत्रण, आणि नाही धरवली तर चारित्र्यात खोट. प्रत्यक्षात खोट आहे ती भागाकारात. 'मुलांनो, तुम्ही बावन्न आहात, मी एकटी आहे, माझा घसा बसलाय, जरा हळू बोला' असं बाईंनी म्हटलं तर पाचवीतल्या मुलांना ते लगेच कळेल. ती भागाकार शिकलेली आहेत. 'स्वच्छतागृहं तीनच आहेत, चौथ्याचं कुलूप उघडेपर्यंत सांभाळून घ्या' हेही कळेल. कदाचित एखादी विचारेल की कुलूप कधी उघडणार. तो प्रश्न कुठल्या अपेक्षेत बसवायचा ते मला माहीत नाही. पस्तिसावी छापावी लागेल.

तर, चिमटे. बावन्न मुलांनी बारा-बारा दिले, म्हणजे सहाशे चोवीस. पट्टीवर बावन्न आहेत. उरलेले पाचशे बहात्तर कुठे आहेत, ही चौकशी करण्याचा माझा अधिकार नाही, पण आमचे अकरा त्यांत आहेत. सध्या जोराचा पाऊस आणि वारा आहे. परवा माझा पांढरा शर्ट गॅलरीतून उडून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीवर जाऊन बसला. काल मुलीच्या गणवेशाची ओढणी गेली, ती अजून सापडलेली नाही, आणि ओढणी नसेल तर सतराव्या अपेक्षेप्रमाणे चिमटा पिवळ्यावर जातो.

तरी अकरा परत पाठवावेत. जमल्यास बारावाही. त्यावर मार्करने तिचं नाव लिहिलेलं आहे, पण हरकत नाही. ते भिंतीकडे करून लावू.

कळावे,
आपला विश्वासू,
पाचवी ब मधील एक पालक

ता. क. हे पत्र मुलीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, अर्धं रबर अजून त्या शेजारच्या मुलीकडेच आहे आणि ते परत मागायचं नाही.