लेखकाच्या मनात काय? पर्याय क्रमांक तीन

नागपूर जिल्ह्यातल्या कन्हानमध्ये राज्यसेवेची तयारी करणाऱ्या पोरांना पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात उतारे गाठतात. त्यांखाली कधी प्रश्न येतो: लेखकाचा दृष्टिकोन कोणता? तटस्थ, टीकात्मक, आशावादी की उपरोधिक?

लेखकात चारही असतील. उत्तरतालिकेत एकच मावतो.

80 प्रश्न, 200 गुण. मन ओळखलं तर अडीच गुण, चुकलं तर त्यातला पाव हिस्सा वजा. (हा नियम संसारात लागू केला तर किती नवरे पात्र ठरतील?) 2022पासून पेपर केवळ पात्रतेपुरता आहे, 33 टक्के पुरतात. लेखक एकतृतीयांश कळला तरी आयोगाचं भागतं!

याच जिल्ह्यात, सावनेरला, 1919 साली राम गणेश गडकरी वारले. नाटकात गडकरी, कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. एका माणसाला तीन सह्या लागल्या, आणि इथे पर्याय एकच काळा करायचा. त्यात शिकवणीतला कानमंत्र असा की, टोकाचा शब्द आधी खोडा. म्हणजे बाळकरामाचा उतारा आलाच, तर पहिला बळी ‘उपरोधिक’चा.

उत्तरतालिकेवर उमेदवाराला पुराव्यासह हरकत घेता येते. लेखकासाठी तशी सोय नाही.