सावलीतला आकडा

मे महिन्यात गोंदियाचा पारा 44 वर गेला की बातमी होते आणि सोबत सल्ला येतो: दुपारी 12 ते 4 घराबाहेर पडू नका. उसना तांदूळ काढणाऱ्या राईस मिलमधल्या मजुराला या सल्ल्याचा काडीचा उपयोग नाही. तो बाहेर नसतोच. तो आत असतो, वाफेत.

तिथे धान गरम पाण्यात भिजतं, वाफेवर उकडतं, ड्रायरमध्ये वाळतं. बॉयलरखाली धानाचाच कोंडा जळतो. घाम वाळला तरच अंग निवतं. वाफेत तो वाळतच नाही. मे महिन्यात गारवा देणारा कूलर श्रावणात का हरतो, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. तेच इथे माणसाच्या शरीराचं होतं. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर जेमतेम 23 दाखवतो. आत 36 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर तोच 33 च्या आसपास जातो. म्हणजे कमी आकड्याची जागा जास्त घातक.

हा धोका मोजणारं यंत्र आहे: साधा थर्मामीटर, ओल्या फडक्याचा थर्मामीटर आणि भट्टीची धग टिपणारा काळा पोकळ गोळा. छपराखाली 70 टक्के वजन ओल्या थर्मामीटरला, 30 टक्के गोळ्याला देऊन एक निर्देशांक निघतो. सरावात उष्माघाताने जवान दगावत होते, म्हणून अमेरिकी सैन्याने 1950 च्या दशकात ही पद्धत आणली. आयएसओ 7243 या मानकानुसार उन्हाला सरावलेला माणूसही जड काम करत असताना हा निर्देशांक 26 वर गेला, की धोका तपासून कामात विसावा घालायला हवा. पाठीवर 40 किलोचा कट्टा वाहणं जडच काम आहे. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 13 ने कामाच्या जागेचं तापमान आरोग्याला बाधणार नाही इतकं राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली. न मोजता ते राखणार कसं?

पण नुसतं यंत्र भिंतीला टांगून भागणार नाही. हमालाची मजुरी कट्ट्यामागे असते. तो बसला की त्याचा रोज बुडतो, म्हणून तो चक्कर येईपर्यंत बसत नाही. विसाव्याचे पैसे मिळणार नसतील, तर आकडा 33 असो की 36, त्याला सारखाच. तेंदूपत्त्याच्या संकलन केंद्रावर आणि उन्हाळी धानाच्या कापणीवरही हेच चालू आहे. तिथे तर छप्परही नाही.

मिलमालकांनो, येत्या उन्हाळ्याआधी बॉयलरजवळ आणि ड्रायरपाशी हे मोजमाप सुरू करा. आकडा फळ्यावर मजुराला वाचता येईल असा मराठीत लिहा आणि विसाव्याची मजुरी द्या. कामगार खात्याने तपासणीला येताना स्वतःचं यंत्र सोबत आणावं आणि भर दुपारी यावं.