साखर नको, लाल पिशवी द्या!

मधुमेहाने किडन्या गेलेल्या माणसाच्या घरात साखरेवर कडक पहारा असतो. चहा बिनसाखरेचा, गूळ कुलपात, आंबा फक्त बघायला. मुलगा कडक, सून त्याहून कडक. आणि हीच मंडळी दर पाच-सहा तासांनी हात धुऊन, मास्क लावून आजोबांच्या पोटात दोन लिटर साखरपाणी सोडतात.

याला पोटाचं, म्हणजे पेरिटोनियल, डायलिसिस म्हणतात.

पिशवीवर दीड टक्का लिहिलेलं असतं. दीड टक्का म्हणजे किस झाड की पत्ती! पण दोन लिटरला दीड टक्का म्हणजे ३० ग्रॅम डेक्स्ट्रोज, अर्थात ग्लुकोज. अडीच टक्क्यांच्या पिशवीत ५०, सव्वाचार टक्क्यांच्या पिशवीत ८५. दिवसाला तीन साध्या आणि एक मधली पिशवी धरली, तर १४० ग्रॅम झाले. त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग रक्तात मुरतो. म्हणजे वीसेक चमचे.

चहा मात्र बिनसाखरेचाच हं.

मग आजोबा जेवत नाहीत म्हणून घरात चिंता. जेवतील कसे? पोटात दोन लिटर पाणी, रक्तात फुकटच्या कॅलरी. प्रथिनं पिशवीबरोबर वाहून चाललीत ती वेगळीच.

साखर घालायचीच कशाला? कारण अंगातलं जादा पाणी ओढून बाहेर काढायला काहीतरी लागतं. ग्लुकोज ते ओढतं आणि स्वस्त पडतं. पण ते रोजंदारीवरच्या गड्यासारखं आहे. काम अर्धं झालं की गडी स्वतःच रक्तात पसार. मग पाणी ओढणं थांबतं आणि रात्रभर पोटात ठेवलेल्या पिशवीतलं पाणी उलट अंगातच जिरायला लागतं. कुणाच्या पोटाचा पडदा साखर झपाट्याने शोषतो, कुणाचा सावकाश. हे ओळखायची चार तासांची चाचणी १९८७ पासून उपलब्ध आहे.

तुमची झाली आहे का? विचारून बघा.

एका बड्या कंपनीच्या पिशव्यांना रंग आहेत. दीड टक्का पिवळी, अडीच हिरवी, सव्वाचार लाल. पायावर सूज दिसली की लाल. दम लागला की लाल. सूज आली कुठून, हा प्रश्न घरात कुणी काढत नाही. कारण उत्तर ताटात डावीकडे वाढलेलं असतं.

‘तोंडाला चवच नाही हो’ म्हणून पापड, लोणचं, ठेचा. मिठाने तहान, तहानेने पाणी, पाण्याने सूज, सुजेला लाल पिशवी. लाल पिशवीने रक्तातली साखर वर, वाढलेल्या साखरेने पुन्हा तहान. त्यातून रक्तच गोड झालं की पिशवीतल्या साखरेची ओढही कमी पडते. पिशवी डॉक्टर निवडतात, असा आपला समज आहे.

निवडतं ते लोणचं.

यावर एक उतारा आहे. आयकोडेक्स्ट्रिन, साडेसात टक्के, मक्याच्या स्टार्चपासून केलेलं. त्याचे रेणू मोठे, रक्तात लवकर शिरत नाहीत. त्यामुळे आठ ते सोळा तास पाणी ओढत राहतं. दिवसातून एकदा, सगळ्यांत लांब मुक्कामाला ही पिशवी. मधुमेह्यांसाठी हिचा विचार करा, असं पेरिटोनियल डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही २०१५ मध्ये सांगितलं. किंमत अर्थातच जास्त.

पण थांबा. हिच्यातून अंगात माल्टोज तयार होतं आणि काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माल्टोजलाच ग्लुकोज समजतात. पडद्यावर ३००, रक्तात ६०. भाबडा पेशंट इन्शुलिन वाढवतो आणि बेशुद्ध पडतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला, तोवर अशा पट्ट्यांच्या गफलतीशी जोडलेल्या १३ मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे झाली होती. पिशवी थांबवल्यावरही ही गफलत काही दिवस टिकते. बरं, आपल्याकडे ग्लुकोमीटर घेताना लोक काय विचारतात?

‘पट्ट्या फ्री किती?’

आता ‘ग्लुकोज जितकं कमी तितकं बरं’ म्हणणाऱ्यांसाठी. इम्पेंडिया आणि ईडन या दोन चाचण्यांत मधुमेही रुग्णांच्या एका गटाला आयकोडेक्स्ट्रिन आणि अमिनो आम्लांच्या पिशव्या देऊन ग्लुकोज कमी केलं. २०१३ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांची सरासरी साखर अर्ध्या टक्क्याने सुधारली. छान! आणि त्याच गटात गंभीर त्रास आणि मृत्यू जास्त. त्यातले काही त्रास अंगात पाणी साचल्याचे. रिपोर्ट सुधारला, पेशंट बुडाला.

तेव्हा साखर कमी करताना पाण्याकडे कोण बघणार? वजनकाटा घरात असतो, त्यावर बहुधा रद्दी मोजली जाते. लघवी दिवसाला किती होते, हे पिशवी ठरवताना फार मोलाचं. शेवटचे दोनतीनशे मिली शिल्लक असले तरी लाल पिशवी टळू शकते. पण मापाचं भांडं न्हाणीघरात ठेवायची घरात लाज वाटते.

आणि तो फ्रिजवर चिकटवलेला आहारतक्ता काढून बघा. वरण किती, भात किती, फळ कोणतं, सगळं आहे. पिशव्यांमधल्या साखरेला रकाना नाही. मारी बिस्किटं दोनच, हे मात्र लाल शाईत आहे.