भोवत्याचा पेहराव

बंगळूरच्या येलहंक्यात आकाशाकडे तोंड करून उभं राहणाऱ्याला कोणी वेड्यात काढत नाही. एक वर्षाआड इथल्या हवाई दलाच्या तळावर ‘एरो इंडिया’ भरतं, तेव्हा शाळकरी पोरंसुद्धा शेपटीवरून विमान ओळखतात. घारी विमानांना धडकू नयेत म्हणून २०२३ साली महापालिकेनं तळाभोवतीच्या १० किलोमीटरांत मांस-मासळीची दुकानं बंद ठेवायला लावली. घारींपायी अख्ख्या उपनगराला उपास घडल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

विमानं ओळखणाऱ्या या मंडळींची खरी परीक्षा पुट्टेनहळ्ळी तलावावर होते. (जे. पी. नगरचा तो वेगळा. आमचा २०१५ पासून पक्ष्यांसाठी राखीव.) हिवाळ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसांवरून घिरट्या घालायला लागला की दुर्बिणी वर जातात आणि वाद सुरू होतो. पुस्तकात सगळं सोपं असतं: मादी गडद चॉकलेटी, माथा आणि गळा मलई रंगाचा, नराच्या पंखांत राखाडी पट्टा, टोकं काळी. प्रत्यक्षात वयात न आलेली पोरंही आईसारखीच चॉकलेटी. एखाद्याच्या माथ्यावर मलई कमी, एखाद्याच्या मुळीच नाही. आणि नराला राखाडी रंग चढायला काही वर्षं जावी लागतात.

“मादी आहे.”

“अहो काका, पोर आहे ते!”

फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या दलदलीत तर चाळीस टक्क्यांच्या आसपास नर जन्मभर मादीच्याच पेहरावात वावरतात. दुसरे नर मग त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. भांडण टाळायची ही युक्ती आमच्या सोसायटीच्या कमिटीत अजून कोणाला सुचलेली नाही.

मी म्हणतो, रंगाचं सोडा, चाल बघा. घारीच्या शेपटीला खाच असते, याची शेपटी लांब आणि टोकाशी गोलसर. तरंगताना पंख किंचित वर उचललेले, उडणं अगदी खालून, गवत विंचरल्यागत. एवढं करूनही शंका उरली तर पाण्यातल्या वारकऱ्यांकडे पाहावं. काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे हे पक्षी घारीला फारशी दाद देत नाहीत. भोवत्या आला की मात्र सगळे एका जागी गोळा होतात आणि पाणी उडवत पळ काढतात. तो नर आहे की मादी, याची चौकशी त्यांच्यातला एकही करत नाही.

काकांना मात्र तेच हवं असतं. त्यांच्या वहीत तसा रकाना आहे.